फाटलेलं पुस्तक

“पण चाचा, कॉलेजचं नाव बघायचं नाही, तर बघायचं तरी काय?”

दस्तगीरचाचा पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळत राहिले.

मिरजेच्या जुन्या पेठेत चाळीस वर्षं पुस्तकं बांधणारा हा माणूस. शाळा चौथीतच सुटली. पण शिवता शिवता वाचायचे, आणि मला विचाराल तर गावात एवढा वाचलेला दुसरा कुणी नव्हता. भलेभले प्राध्यापक त्यांच्या ओट्यावर वाद घालायला बसत आणि मान खाली घालून उठत.

समोर बसली होती पद्मजा मगदूम. सुट्टीत त्यांच्याकडे बांधणी शिकायला यायची. बारावीला त्र्याण्णव टक्के, आणि त्याचा थोडा तोराही. तरी इतिहास शिकायचा म्हणून घरी पंधरा दिवस भांडली. शेवटी वडील म्हणाले होते, “बी.ए. तर बी.ए. कॉलेज तूच निवड. पण नंतर रडत यायचं नाही.”

फॉर्म भरायची मुदत आज पाचपर्यंत होती. आता साडेतीन झाले होते.

“टेकडीवरचं कॉलेज म्हणजे कॉलेज,” ती म्हणाली. “बाजारातल्या कॉलेजात कोण जातं? ज्याला कुठंच मिळत नाही तो.”

तिनं टेकडीवरच्या कॉलेजचं माहितीपत्रक उघडून पुढं धरलं. ग्रंथालयाचा फोटो. काचेची कपाटं, लाल पुठ्ठ्यांच्या रांगा.

चाचांनी चष्मा वर केला.

“ही रांग माझ्या हातची. सोनेरी अक्षरं पण मीच टाकली. नऊ वर्षं झाली की.”

“नऊ वर्षं! आणि अजून नवीकोरी?”

“व्हय… नवीकोरी.”

“बघा! किती जपतात.”

चाचा हसले. मग मागच्या ढिगातलं एक पुस्तक काढून तिच्या मांडीवर ठेवलं. बाजारातल्या कॉलेजचा शिक्का, पुठ्ठा लोंबत होता, कडेला हळदीचं बोट उमटलेलं.

“टाके उसव याचे.”

तिनं नाक मुरडलं आणि पातं उचललं. पुस्तक आपोआप मध्येच उघडलं. दुष्काळात राजानं धान्याची कोठारं उघडली, असं छापलं होतं.

बाजूला कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं : कुणासाठी?

त्याखाली वेगळं अक्षर : सरदारांसाठी. पान ८२ बघा.

तिनं पान ८२ काढलं. मूळ पान फाटून गेलेलं. कुणीतरी सगळं पान निळ्या शाईनं हातानं लिहून तिथं चिकटवलं होतं. अगदी तळटीपेसकट.

आणि त्याखाली तिसरंच अक्षर : एवढ्यावर जाऊ नका. ११० वाचा.

तिनं ११० वाचलं. मग पुन्हा ८२. पातं कधी खाली ठेवलं, तिचं तिलाही कळलं नाही.

“टाके निघाले?”

“थांबा ना चाचा… हे तिघंही चुकतायत.”

चाचांनी कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्यापुढं धरली.

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहायचं? चाचा खळ ढवळत होते.

तिनं लिहिलं. बारीक अक्षरात, चार ओळी.

पेन्सिल परत देताना तिची नजर माहितीपत्रकातल्या त्या लाल रांगेवर गेली.

“चाचा, टेकडीवरची पुस्तकं नऊ वर्षांत एकदाही दुरुस्तीला आली नाहीत?”

“एकदा पण नाही.”

“आणि ही?”

त्यांनी मागच्या ढिगाकडं बोट केलं. ढीग छताला टेकायचाच बाकी होता.

पावणेपाचला तिनं फोन काढला. पहिल्या पसंतीच्या रकान्यात बाजारातल्या कॉलेजचं नाव भरलं. आणि फॉर्म पाठवून दिला.

मग राहिलेले टाके उसवले, सुटे झालेले फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, जुळवले आणि तिनं सुईत दोरा ओवला.

“चांगलं घट्ट शिवते हं चाचा. पुन्हा कधी सुटायचं नाही.”

“ढिलं शीव, पोरी,” चाचा म्हणाले. “पुढच्या मे महिन्यात मला हे परत फाटलेलं पाहिजे.”