मैदानावरचा मांडव

फार जुनी गोष्ट. एका रानात प्राण्यांचं एकच मोकळं मैदान होतं. पोरांच्या खेळाची नीट सोय करायची म्हणून हत्तीने त्याच मैदानावर मांडव घातला आणि रोज संध्याकाळी सभा भरवली. घसरगुंडी कुठल्या कोपऱ्यात बसवायची, यावरच आठ दिवस वाद चालला.

नवव्या दिवशी हरिणी धापा टाकत मांडवात शिरली. "हत्तीदादा, माझं पाडस कुठे दिसत नाही!"

"वहिनी, तुमचा विषय शेवटी घेऊ," हत्ती म्हणाला. "आधी झोक्यांची उंची ठरू दे."

"अहो, पण सध्या पोरं खेळतात तरी कुठे?"

मागून कासव म्हणालं, "डोहावर. इथे जागा कुठंय?"

डोहात मगर होती. सगळे एकदम उठून धावले. काठावर पाडस वाकून चेंडू काढत होतं आणि पाण्यातून दोन डोळे त्याच्याकडे सरकत होते. हत्तीने सोंडेने त्याला मागे ओढलं. मगरीचा जबडा रिकामाच मिटला.

सगळे परतले, तर धावपळीत मांडव भुईसपाट झालेला. पाडस आनंदाने ओरडलं, "आई, मैदान झालं की गं तयार!"

हत्ती खाली वाकून बांबू उचलून मैदानाबाहेर टाकायला लागला.