प्रिंटर ओ देतो

सकाळचे साडेअकरा. कारखान्यातल्या स्फोटाची चौकशी करणाऱ्या समितीचं कार्यालय, पहिला मजला.

“मग बिघाड आहे कुठे, सर? तुम्हीच सांगा.”

विचारणारा पराग होनमाने, समितीचा संगणक अभियंता. समोर खडीकर सर. परागला हे काम त्यांनीच शिकवलं. त्यांना बोलावलं होतं सचिवांनी. परागला ते आवडलं नव्हतं.

बाहेरच्या बाकावर मंगल तायडे बसली होती. स्फोट झाला त्या पाळीतली कामगार. कारखान्याचं दार बाहेरून बंद होतं, हे सांगायला पुढे आलेली एकटीच. जबानी टाइप झाली होती. छापील पानावर सही केली की ती मोकळी.

पान निघत नव्हतं.

“वायर बदलली,” पराग म्हणाला. “प्रिंटर बंद करून चालू केला. नेटवर्कवर त्याला जो नंबर दिलाय, त्या नंबरला संगणकावरून हाक मारली. लगेच ओ येते. बघा ना.”

पडद्यावर ओळी उमटत होत्या. उत्तर आले. उत्तर आले.

“म्हणजे नेटवर्क ठणठणीत. पुढचं काम मेकॅनिकचं.”

“जबानी पाठवलीस?”

“सकाळपासून पाठवतोय. दर वेळी ‘छापून झाले’ असं येतं.”

“आणि कागद?”

“ट्रेमधून हललासुद्धा नाही.”

खडीकर वाकले. प्रिंटरची नेटवर्कची वायर काढली. मग विजेचा प्लगही. दोन्ही टोकं परागच्या हातात ठेवली.

“आता मार हाक.”

“थट्टा करताय का, सर? बंद मशीनला...”

“मार.”

परागने कळ दाबली.

उत्तर आले.

उत्तर आले.

परागने हातातली वायर खाली ठेवली.

“म्हणजे हाच नंबर दुसऱ्या कुणीतरी लावून घेतलाय... मग सकाळपासून मी जे पाठवलं, ते त्याच्याकडे गेलं...”

“त्यात तिचं नाव आहे?”

“नाव, गाव, घर. सगळंच. तसा नियमच आहे.”

नाव गुप्त राहील, अशी हमी समितीने दिली होती. आपल्या नेटवर्कवर आणखी कोण बसलंय, हे पाहायला मात्र कुणाला सवड झाली नव्हती.

दार किलकिलं झालं. मंगल डोकावली.

“साहेब, निघाला का कागद? नाव या खोलीबाहेर जानार नाही म्हनला होता तुम्ही, म्हनून आले मी. सही करते आन् जाते. पोरगी घरी एकटीच हाय.”

“सर,” पराग कुजबुजला, “यांना काय सांगू?”

खडीकरांची नजर पडद्यावरून हलली नाही.

“प्रिंटर बंद आहे, पराग. ओ अजून येतेय.”