खारवलीच्या राणीचं पत्र

“...ते सगळं कळलं. पण हे पत्र कोणी कोणाला लिहिलं?”

इब्राहीमबाबांनी असं विचारलं तेव्हा भागीरथी तांडेल मनातून चरफडली. अर्धा तास घसा कोरडा करून ती दुसरं काय सांगत होती?

“राणीसाहेबांनी, बाबा. फिरंगी कप्तानाला.”

इब्राहीमबाबा म्हणजे खाडीकाठच्या चिंचेखाली, तकियात राहणारे फकीर. त्यांचे वाडवडील खारवली संस्थानाची पत्रं लिहायचे. मोडीची पहिली चार अक्षरं भागीरथीला त्यांनी दाखवली, पुढची तिची तिने ओरबाडून घेतली. शाळा चौथीपर्यंत. पण संस्थानाच्या दप्तरातले, जुने कागद बांधलेले तीनशे रुमाल तिने एकटीने सोडले, वाचले आणि परत बांधले. पदवीवाल्यांनी त्यातले तीनही सोडले नव्हते.

“ऐका पुन्हा,” ती म्हणाली. “‘तुमचं एक गलबत खाडीत शिरलं तर फळीला फळी राहणार नाही.’ असं लिहिलंय बाईने! सतरा दिवस खाडीच्या तोंडाशी अडून बसलेलं आरमार शेपूट घालून गेलं. पुढच्या महिन्यात इतिहास परिषदेत हे वाचणार मी. तो नाडगौडा प्राध्यापक मागे म्हणाला होता ना, मासे निवडणाऱ्या हातांनी कागद निवडू नयेत... आता बघते त्याच्याकडे.”

“नक्कल असेल.”

“नक्कल? अहो, अस्सल! शिक्क्यासकट.”

बाबांचा चेहरा पडला.

“अरेरे. नक्कल असती तर बरं होतं.”

“हे काय भलतंच?”

“सापडलं कुठं?”

“राणीसाहेबांच्याच दप्तरात. एकविसाव्या रुमालात, अगदी तळा...”



चिंचेची दोन पानं पत्रावर पडली. तिने ती झटकली नाहीत.

फिरंग्याला धाडलेलं अस्सल पत्र राणीच्या घरात कसं राहील? नक्कल घरात राहते. अस्सल जातं.

“गेलंच नाही हे,” ती पुटपुटली. “पण शिक्का मारलाय, बाबा!”

“घरात कोयता आहे म्हणून खून झाला का, पोरी?”

...

तिच्या घशाला खरीच कोरड पडली. उठून तिने मडक्यातून लोटा भरला, वरून एक घोट आपल्या तोंडात ओतला आणि मग लोटा बाबांपुढे धरला.

“म्हाताऱ्याला आधी चाखून देतेस होय?”

“आम्हा तांडेलांच्या घरची खोड. पाणी देणाऱ्याने आधी घोट घ्यायचा. आजी घ्यायची, आई घ्यायची.”

“का?”

“कोण जाणे. आजीला विचारलं की म्हणायची, गप पी.”

बाबा गप प्यायले. लोटा रिकामा करून म्हणाले, “पत्र ज्याला लिहितात, ते त्याच्या घरी असतं.”

भागीरथीने परिषदेतून नाव काढून घेतलं. कसं काढलं ते तिचं तिला ठाऊक. गावात मोठ्या तोंडाने सांगून बसली होती. नाडगौडा म्हणाला म्हणे, “बाईंचं जाळं फाटलं वाटतं.” विद्वानांची जात मोठी सोशिक. स्वतःचं चुकलेलं जन्मभर सोसतात, दुसऱ्याचं बरोबर आलेलं घडीभर सोसत नाहीत.

खाडीपलीकडे एक म्हातारा पाद्री होता. त्याच्याकडे दोन वर्षं जाऊन तिने फिरंगी भाषा घासली. मग फिरंग्यांच्या जुन्या दप्तरखान्याचं दार ठोठावलं.

परत आली ती रडवेली. बाबांपुढे एक कागद आपटला.

“यासाठी दोन वर्षं जीभ वळवली मी! वाचते, ऐका. ‘खारवलीची राणी शरण आली. नजराणा म्हणून गोड्या पाण्याचे पाच हंडे तिने पाठवले. दया येऊन आम्ही परत फिरलो.’ संपलं! त्यांच्याच अक्षरात आहे. आमची राणी शरण गेली, बाबा.”

बाबा चिंचोके निवडत होते. मान वर न करता म्हणाले,

“हे कोणी कोणाला लिहिलं?”

“कप्तानाने. त्यांच्या गव्हर्नराला.”

“म्हणजे चाकराने धन्याला.”

...

“कामगिरी न करता परतलेल्या चाकराने,” भागीरथी सावकाश म्हणाली.

“हं.”

“त्याला काहीतरी सांगणं भागच होतं.”

“हं.”

“मग खरं कोण लिहील? घरचा लिहीत नाही, वैरी लिहीत नाही!”

बाबांनी एक चिंचोका उचलून उन्हात धरला. “त्या गलबतावर कुणीतरी असा असेल, ज्याला कोणाला खूश करायचं नव्हतं.”

ती तशीच उठली. पुढच्या होडीने पलीकडे गेली, पुन्हा त्या दप्तरखान्याच्या वाटेला. पाणीसुद्धा प्यायली नाही.

वर्षाने परिषद भरली. भागीरथी उभी राहिली. काठापदराचं लुगडं, हातात दोनच कागद. पहिला कागद तिने वाचला. राणीचं पत्र, फळीला फळी, शिक्क्यासकट.

नाडगौडा उठला. शिकारी कसा दबकत उठतो, तसा.

“बाई, एक शंका. फिरंग्याला लिहिलेलं अस्सल पत्र राणीच्याच दप्तरात कसं हो?”

सभा हसली.

“छान विचारलंत,” भागीरथी म्हणाली. “तीन वर्षांपूर्वी एका फकिराने मला हेच विचारलं. तुम्हाला थोडा उशीर झाला, एवढंच. हे पत्र गेलं नाही. राणीने ते लिहिलं, राग निवला, आणि फडक्यात बांधून ठेवलं. काय गेलं ते आता वाचते. गलबतावर वारा आणि भरती-ओहोटी टिपणारा माणूस होता, त्याची ही रोजची वही. कोणी वाचावी म्हणून त्याने लिहिली नव्हती.”

आणि तिने वाचलं. आधी फिरंगीतून, खणखणीत. मग मराठीतून.

“‘सतरावा दिवस. पाणी संपलं. खारवलीहून एक होडी आली, पाच हंडे घेऊन. विषाच्या भीतीने कोणी हात लावेना. तेव्हा होडी हाकणाऱ्या तांडेलाने, कोणी न सांगता, प्रत्येक हंड्यातून आधी स्वतः एकेक घोट घेतला. मग म्हणाला, राणीसाहेबांनी विचारलंय, पावसाळा आठ दिवसांवर आला. आम्ही घरात बसू. तुम्ही कुठं बसाल? कप्तानाने हंडे चढवून घेतले. आज नांगर उचलला.’”



मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “तुम्ही कुठं बसाल!” आणि सगळी सभा उठली. टाळ्या अशा की छपराची कबुतरं उडाली. नाडगौडा तेवढा बसला. मग सभा उभी आहे हे पाहून तोही उठला, आणि व्यासपीठावरची शाल त्यालाच तिच्या खांद्यावर घालावी लागली. ती मान ताठ ठेवून उभी राहिली. वाकली असती तर शाल नीट बसली असती. पण वाकते कशाला?

संध्याकाळी ती चिंचेखाली आली. शाल बाबांच्या खांद्यावर घातली आणि घडलेलं सगळं सांगितलं. पाच हंड्यांपाशी तर दोनदा थांबून सांगितलं.

बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, “तांडेलाचं नाव काय होतं?”

“नाव नाही लिहिलेलं, बाबा. दोन्हीकडची दप्तरं पालथी घातली. त्याचा कागदच नाही कुठं. वहीतला तो घोट सोडला तर त्याचं काही उरलं नाही.”

“पाणी दे.”

तिने लोटा भरला. वरून एक घोट आपल्या तोंडात ओतला. लोटा त्यांच्यापुढे धरला.

बाबांनी तो घेतला नाही.

त्यांनी तिच्या ओल्या ओठांकडे बोट दाखवलं.

“आणि हे, पोरी?” बाबा म्हणाले. “हे कोणी कोणाला लिहिलं?”