लाल दाराचा मान

रस्त्यावर मोटारींपेक्षा बैलगाड्या जास्त होत्या, तेव्हाची गोष्ट. मोटारींच्या एका कारखान्यात गाड्या ज्या क्रमाने जोडणीला येत, त्याच क्रमाने त्यांची दारं रांगेत उभी असत. शोधाशोध नको, खोळंबा नको. पण मागे उभं राहणं लाल दाराला सोसेना. "आमच्या रंगाला काही मान आहे की नाही?" म्हणत ते रेटून पुढे घुसलं.

"अहो, पहिली गाडी पांढरी आहे!" पांढरं दार कळवळलं.

"मग तिचं नशीब उजळलं!"

कामगाराने रांगेवर विसंबून न बघताच लाल दार पांढऱ्या गाडीला बसवलं. चूक ध्यानात येताच सगळा कारखाना ठप्प झाला. उचकटताना वाकलेलं दार थेट भंगारात गेलं.

भंगार वितळवायला भट्टीकडे नेणारी गाडी आली, तेव्हा तिथले गंजलेले पत्रे अदबीने बाजूला सरले. "या साहेब, मान तुमचा. आधी तुम्ही!"