पाचबुरुजातले अस्सल रहिवासी

"या कोष्ट्यांना गावाबाहेर काढा, महाराज! यांच्या मागांच्या खटखटीनं आम्हाला अन्न पचत नाही हो!"

पाचबुरुजाच्या भर दरबारात नागोशेट कळवळून बोलले. शेटजींना अन्न पचत नव्हतं हे अगदी खरं. फक्त कोष्टी येण्याआधीही पचत नव्हतं, एवढंच.

कोष्टी आले होते पलीकडच्या खोऱ्यातून. पुरानं त्यांचं गाव धुऊन नेलं, तेव्हा उरलीसुरली कुटुंबं इथं तळ्याकाठी येऊन विसावली. जमिनीत खड्डे खणून त्यांनी माग बसवले. गावाला त्यांची लुगडी फार आवडत. लुगड्यांबरोबर माणसंही येतात, हे मात्र गावाला पटत नव्हतं.

भुजंगराव महाराज न्यायी होते, म्हणजे हट्टी होते. त्यांनी विचारलं, "पण बाहेरचा कोण, हे ओळखायचं कसं?"

"सोपं आहे! जिथं कुळाचं दैवत, तिथलं कूळ. यांचं कुलदैवत पलीकडच्या खोऱ्यात. मग यांनीही तिकडंच जावं!"

"वा! झाला कायदा!" महाराजांनी मांडीवर थाप मारली.

कोष्ट्यांचे म्होरके म्हाळू यांनी हात जोडले. त्यांच्या लेकीला, गोजराला, मात्र हे परवडणारं नव्हतं. घरात वहिनीचे दिवस भरलेले. उघड्या माळावर बाळंतपण करायचं? ती चटकन पुढं झाली.

"महाराज, कायदा झकास आहे! पण सगळ्यांना लागू, की फक्त आम्हालाच?"

महाराजांच्या मिशा थरथरल्या.

"सगळ्यांना! आमचा कायदा एकच असतो. आणि एवढी अक्कल पाजळतेस, तर निवड तूच कर! सोमवारी सकाळी वेशीच्या आत बाहेरचा एकही माणूस दिसता कामा नये, आणि इथला एकही बाहेर जाता कामा नये. एक जरी चुकला, तरी तुमचे माग तळ्यात!"

नागोशेट खुदकन हसले. कोष्ट्याच्या पोरीला दारात उभं कोण करणार?

"एक शिपाई मिळेल का, महाराज? हुकूम आपला आहे, हे लोकांना कळायला हवं."

"दिला!"

शिपायाला घेऊन गोजरा थेट शेटजींच्याच दारी गेली. शेटाणीबाई ओसरीवर पापड वाळत घालत होत्या.

"बाई, लेकाचं लग्न थाटात झालं म्हणे. जोडपं दर्शनाला कुठं नेलंत?"

"अगं, पार घाटाखाली! आमचा भैरोबा तिकडचा. गाड्या जुंपून गेलो. इथल्या देवाला आमच्या घराण्याचे नवस चालतच नाहीत मुळी!"

आतून शेटजी हातवारे करून दमले, पण बाईंची गाडी घाटाखाली पोचलेली होती. ती आता कसली थांबते! गोजरानं शिपायाकडं पाहिलं. शिपाई म्हणाला, "शेटजी, बिऱ्हाड बांधा."

मग घरोघर तोच प्रश्न, आणि घरोघर तोच तोरा! जोशीबुवांचं दैवत कोकणात, पाटलांचं नदीपार, सोनारांचं तर कुठल्या कुठं. गुरव म्हणाला, "मी देवीला सोडून कसा जाऊ?"

"देवी मूळची इथलीच ना?"

"छे! माझ्या पणजोबांच्या मागून डोंगरावरनं आली. त्यांनी वेशीपाशी वळून पाहिलं, म्हणून इथं थांबली."

"मग तिलाही घ्या सोबत!"

सोमवारी महाराज जागे झाले, तर घंगाळात पाणी नाही, दारात पहारेकरी नाही. चिडून ते वेशीशी आले. बाहेर माळावर सगळं गाव बसलेलं! कोष्टी, पाटील, गुरवाच्या मांडीवर देवीचा मुखवटा, ट्रंकेवर नागोशेट. तो शिपाईसुद्धा बाहेरच.

महाराजांची छाती फुगली. "म्हणजे अस्सल इथले आम्ही एकटेच!"

"होय महाराज!" गोजरा म्हणाली. "बरं, नवरात्रात आपली पालखी ओटी भरायला कुठं जाते?"

"कुठं म्हणजे? आमच्या कुलदेवीला, थेट सह्याद्रीच्या..." महाराजांनी जीभ चावली.

"आपला कायदा एकच असतो ना, महाराज?"

महाराज खाकरले, अंगरखा सावरला आणि मुकाट्यानं वेशीबाहेर आले.

"अगं पण, मग आत राहिलं कोण?"

"ते काय!" गोजरानं बोट दाखवलं. वेशीतून दिसणाऱ्या नागोशेटच्या दुकानात, लोडाला टेकून, एक हुप्प्या गुळाची ढेप फोडत होता. बाकीची वानरं तराजूत झोके घेत होती.

"त्यांनाही कुलदैवत विचारलं, महाराज. त्यांनी नुसते दात विचकले. म्हणजे अस्सल इथलेच! आता गाव त्यांचं. आपल्याला आत घेतात का, विचारून बघा!"

महाराज हसले, हसले, इतके हसले की पगडी माळावर घरंगळली!

"पोरी, जिंकलीस! कायदा रद्द! सगळ्यांच्या आधी तुझी वहिनी आत जाईल, माझ्या मेण्यातून. तळ्याकाठची जागा कोष्ट्यांची, कायमची! आणि हे घे." त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं.

मेणा आत गेला, मागोमाग कोष्टी गेले. शेटजी ट्रंक उचलून पुढं आले आणि चुळबुळत म्हणाले, "महाराज, आम्ही येऊ का आत?"

"मला काय विचारता? निवड गोजराची!"

गोजरानं शेटजींना आपादमस्तक न्याहाळलं.

"या की, शेटजी! नवीन आहात, सुरुवातीला जरा अन्न पचणार नाही. होईल हळूहळू सवय!"

महाराजांनी नुकतीच उचललेली पगडी पुन्हा खाली पडली.