भाऊजींच्या हातच्या वेली

सगुणाबाईंना आपल्या द्राक्षबागेसाठी छोटा ट्रॅक्टर घ्यायचा होता, आणि तो त्या स्वतःच चालवणार होत्या. डावा गुडघा अधू असल्यामुळे त्यांना हायड्रोस्टॅटिक हवा होता. त्याला क्लच नाही. उजव्या पायाने पॅडल दाबलं की चालतो, सोडलं की थांबतो. पण थोरले दीर विश्वासराव ऐकतील तर ना! घरात शब्द त्यांचाच. "गिअर नसलेला ट्रॅक्टर म्हणजे जत्रेतलं खेळणं! नांगर काय त्याला ओढवणार?" हे ऐकून ऐकून सगुणाबाईंचे कान किटले.

शेवटी त्या म्हणाल्या, "बरं भाऊजी, गिअरचाच घेऊ. पण आधी शोरूमवाल्याचा आणून बागेत तुम्हीच चालवून दाखवा. बाया ट्रॉलीत क्रेट चढवतील."

विश्वासराव ऐटीत बसले. दर वेलीखाली घडांचा क्रेट, म्हणून दर वेलीपाशी थांबायचं. क्लच दाबा, गिअर काढा, गिअर टाका, क्लच सोडा. अर्ध्या ओळीतच त्यांचा पाय थरथरू लागला.

"अगं, किती वेळा थांबवशील?"

"वेल आली की थांबायचंच, भाऊजी."

विश्वासराव घाम पुसत ओरडले, "ट्रॅक्टरचा काही दोष नाही! वेलीच फार जवळजवळ लावल्यात!"

ही बाग त्यांनीच आखून लावली होती आणि गावभर तिचं कौतुक सांगितलं होतं.

सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या, "मग कसं करू? तुमच्या हातच्या वेली उपटू, की ट्रॅक्टर बदलू?"

विश्वासराव खाली उतरले आणि मांडी चोळत गुरगुरले, "वेलींना हात लावायचा नाही!"