फाकडू घोडा दाणा खाईना

ऐका हं, ऐका! मांडी घाला. पाय आत घ्या. घोडा येतोय!

एक होता घोडा. त्याचं नाव फाकडू. रंग तपकिरी. कपाळावर पांढरा ठिपका. आणि नखरे? बाप रे बाप! गवत ओलं, नको. गवत सुकं, नको. पाणी कालचं? शी शी शी!

फाकडू राहायचा डोंगरावरच्या गावात. लोक तिथे फिरायला यायचे. फाकडू त्यांना पाठीवर बसवायचा. टपटप, टपटप फिरवून आणायचा. संध्याकाळ झाली की त्याचे मालक गेनूकाका त्याच्या तोंडाला तोबरा बांधायचे. तोबरा म्हणजे काय ठाऊक आहे? घोड्याची जेवणाची पिशवी! पिशवीत भिजवलेले हरभरे.

फाकडू खायचा. कुरूम कुरूम. खाताना मान उडवायचा. मग हरभरे उडायचे बाहेर. टप! टप!

ते हरभरे कुणाचे? पिटकी उंदरीचे!

पिटकी तबेल्याच्या भिंतीत राहायची. एवढीशी उंदरी. तिची पाच पिल्लं. ती तर त्याहून एवढीश्शी! पिटकी हरभरे उचलायची, बिळात न्यायची, पिल्लांना भरवायची.

पण एक दिवस काय झालं? फाकडूची टाप चिरली. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पावडर दिली. म्हणाले, "रोज एक चमचा दाण्यात घाला. टाप घट्ट होईल."

गेनूकाकांनी एक चमचा पावडर घातली. हरभरे हलवले. तोबरा फाकडूच्या तोंडापुढे धरला. फाकडूने हुंगलं.

फुर्रर्रर्र!

सगळी पावडर उडाली! गेनूकाकांच्या मिशा पांढऱ्या झाल्या.

काकांनी मिशा पुसल्या. पुन्हा एक चमचा घातला. फाकडूने तोंड फिरवलं. "कडू! मी नाही खाणार!"

फाकडू खाईना. मान उडवीना. हरभरा पडेना. पिटकी वाट बघून दमली. बिळात पिल्लं रडायला लागली. चूं चूं चूं चूं चूं!

पिटकी आली घोड्यापुढे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"फाकडूदादा, फाकडूदादा, दाणा खा ना!"

"का गं?"

"हरभरा खाली पडेना,
पिल्लांची भूक जाईना!"

फाकडू म्हणाला, "खाईन की! पण पावडर कडू आहे. गूळ हवा. आधी गूळ, मग दाणा!"

गूळ कुणाकडे? सगुणाकाकूंकडे. काकू कोण? गेनूकाकांची बायको. पिटकी गेली स्वयंपाकघरात. तुरुतुरु, तुरुतुरु.

"काकू, काकू, गूळ द्या ना!"

"का गं?"

"घोडा दाणा खाईना,
हरभरा खाली पडेना,
पिल्लांची भूक जाईना!"

काकू म्हणाल्या, "देईन की! पण ही ढेप बघ. दगड झालाय नुसता! फोडायला बत्ता हवा. आणि आमचा बत्ता कासमचाचा घेऊन गेलेत. आधी बत्ता, मग गूळ!"

कासमचाचा म्हणजे नालबंद. घोड्याच्या टापेला लोखंडी नाल ठोकतात ना, ते! चाचा आपल्या अंगणात बसले होते. ठाक ठाक, ठाक ठाक. हातात काय? हातोडी नाही हो! काकूंचा बत्ता! त्यानेच नालेचे खिळे ठोकत होते. आता काय म्हणावं!

पिटकी आली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चाचा, चाचा, बत्ता द्या ना!"

"का गं?"

"काकू गूळ देईना,
घोडा दाणा खाईना,
हरभरा खाली पडेना,
पिल्लांची भूक जाईना!"

चाचा म्हणाले, "देईन की, बेटी! पण मग मी ठोकू कशाने? डोक्याने? माझ्या हातोडीचा दांडा मोडलाय. आधी दांडा, मग बत्ता!"

दांडा कोण करतं? महादू सुतार. पिटकी गेली सुताराकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"सुतारदादा, सुतारदादा, दांडा द्या ना!"

"का गं?"

"चाचा बत्ता देईना,
काकू गूळ देईना,
घोडा दाणा खाईना,
हरभरा खाली पडेना,
पिल्लांची भूक जाईना!"

महादू सुतार म्हणाला, "देईन की! करवत तयार आहे. पण लाकडावर बघ कोण बसलंय! शेळी! ढकलली, उठेना. कान ओढला, उठेना. 'अगं बाई, ऊठ' म्हटलं, तरी उठेना. आधी शेळी उठव, मग दांडा!"

शेळी डोळे मिटून बसली होती. दाढी हलत होती. पिटकी तिच्या नाकापुढे आली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"शेळीबाई, शेळीबाई, उठा ना!"

"का गं?"

"सुतार दांडा देईना,
चाचा बत्ता देईना,
काकू गूळ देईना,
घोडा दाणा खाईना,
हरभरा खाली पडेना,
पिल्लांची भूक जाईना!"

शेळी म्हणाली, "बेंऽऽ! उठेन की! पण लाकूड कसं ऊन ऊन आहे. इथून फुकट कोण उठेल? मला जांभळाचा पाला हवा. कोवळा, लुसलुशीत. आधी पाला, मग उठणं!"

घ्या! आता हिचं ऐका!

पिटकी गेली जांभळाच्या झाडाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. झाड उंच. पिटकी एवढीशी. मान वर करता करता बिचारी उताणी पडली. उठली. शेपटी झटकली.

"झाडोबा, झाडोबा, पाला द्या ना!"

"का गं?"

"शेळी जागची उठेना,
सुतार दांडा देईना,
चाचा बत्ता देईना,
काकू गूळ देईना,
घोडा दाणा खाईना,
हरभरा खाली पडेना,
पिल्लांची भूक जाईना!"

झाड म्हणालं, "देईन की! पण आज वारा नाही. फांदी हलेना. माझ्या शेंड्यावर माकड बसलंय. त्याने उडी मारली, तर पाला पडेल. आधी उडी, मग पाला!"

पिटकी दमली होती. पाय दुखत होते. पण पिल्लं रडत होती ना! मग बसून कसं चालेल? चढली झाडावर. तुरुतुरु, तुरुतुरु. वर, वर, आणखी वर.

"माकडभाऊ, माकडभाऊ, उडी मारा ना!"

"का गं?"

पिटकीने मोठ्ठा श्वास घेतला.

"झाड पाला देईना,
शेळी जागची उठेना,
सुतार दांडा देईना,
चाचा बत्ता देईना,
काकू गूळ देईना,
घोडा दाणा खाईना,
हरभरा खाली पडेना,
पिल्लांची भूक जाईना!"

हुश्श!

माकड म्हणालं, "मारेन की! पण माझी पाठ खाजतेय. अगदी मधोमध. हात पोचेना. पाय पोचेना. खोडावर घासली, तरी खाज जाईना. आधी कुणीतरी पाठ खाजवा, मग उडी!"

पिटकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता आणखी कुणाकडे जाऊ?"

तिने डोळे पुसले. पुसता पुसता स्वतःच्या नख्या दिसल्या. बारीक बारीक. टोकदार टोकदार.

"अय्या! हे तर मलाच येतं की!"

चढली माकडाच्या पाठीवर. आणि काय! खरखर, खरखर.

"इथे?"

"थोडं वर."

खरखर, खरखर.

"इथे?"

"थोडं डावीकडे."

खरखर, खरखर, खरखर.

"हां हां हां! तिथेच! अहाहा! वा गं पिटके, वा!"

खाज पळाली. माकड खूश! पिटकीला म्हणालं, "माझे केस धर. घट्ट!"

आणि माकडाने मारली उडी. हूऽऽप!

फांदी हलली. पाला पडला. सळसळ, सळसळ.

पाला दिसला. शेळी उठली. बेंऽऽ! पाला चघळायला लागली.

शेळी उठली. सुताराने लाकूड घेतलं. खर्र खर्र, खर्र खर्र. दांडा झाला तयार.

दांडा आला. चाचांनी हातोडीत बसवला. ठोक! म्हणाले, "चल बेटी, बत्ता मीच नेऊन देतो. तुला उचलायचा नाही."

बत्ता आला. काकूंनी ढेपेवर हाणला. ठण! ठण! फट्! गूळ फुटला. एक खडा उडाला. चाचांनी तो झेलला आणि तोंडात टाकला. सगळ्यांनी बघितलं!

गूळ आला तबेल्यात. मागून कोण कोण आलं? काकू आल्या. चाचा आले. सुतार आला. शेळी आली, तोंड हलवत. माकड दारावर चढून बसलं. झाड तेवढं आलं नाही. ते कसं येणार?

गेनूकाकांनी हरभरे घेतले. एक चमचा पावडर घातली. वर गूळ कुस्करला. चांगलं कालवलं. फाकडूच्या तोंडाला तोबरा बांधला.

सगळे बघताहेत.

फाकडूने हुंगलं. गेनूकाकांनी पटकन मिशांवर हात ठेवला!

पण फाकडू फुरफुरला नाही. त्याने एक दाणा खाल्ला. थांबला. कान टवकारले.

दुसरा दाणा खाल्ला.

आणि मग काय विचारता! कुरूम कुरूम, कुरूम कुरूम, कुरूम कुरूम!

"खातोय! खातोय!" काकू ओरडल्या. चाचांनी टाळ्या वाजवल्या. माकडाने कोलांटी मारली.

पिटकी खाली बसली होती. वर बघत होती. आता पडेल हं हरभरा. आता पडेल.

पडेना!

का बरं? अहो, जेवण इतकं गोड, इतकं गोड, की फाकडू मान उडवायलाच विसरला! एक दाणा सांडला नाही. पावडरसुद्धा चाटून टाकली. गेनूकाकांनी तोबरा सोडला. उलटा केला. झटकला. रिकामा!

पिटकी बघतच राहिली. तिला रडू आलं. आणि मग आला राग! एवढीशी उंदरी, पण राग एवढा मोठा! चढली फाकडूच्या टापेवर.

"पाठ खाजवली,
पाला पाडला,
शेळी उठवली,
दांडा आणला,
बत्ता आणला,
गूळ आणला,
तू जेवलास,
आणि माझा हरभरा कुठे?"

शेळीने चघळणं थांबवलं.

फाकडूने खाली बघितलं. त्याच्या गालात शेवटचा घास होता. सगळ्यात गोड घास. सगळा गूळ त्यालाच लागलेला.

गिळू?

भिंतीतून आवाज आला. चूं... चूं... चूं...

नको गिळू?

फाकडूने डोळे घट्ट मिटले. मान खाली केली. खाली, खाली, पार पिटकीजवळ. आणि तोंड उघडलं.

टप!
टप!
टप!
टप!
टप!

पाच हरभरे! एक, दोन, तीन, चार, पाच. पाच पिल्लांचे पाच!

"आणि तुझा?" फाकडूने विचारलं. त्याने ओठ हलवला. ओठाला एक चिकटला होता.

टप्!

तो पिटकीचा.

पिल्लांनी हरभरे खाल्ले. कुटुर कुटुर, कुटुर कुटुर. मिशांना गूळ लागला. एकमेकांच्या मिशा चाटल्या. पोटं झाली टुम्म. पिटकीने आपला हरभरा सगळ्यात शेवटी खाल्ला. हळूहळू. बराच वेळ.

आणि दुसऱ्या दिवशी काय झालं सांगू?

गेनूकाकांनी तोबरा बांधला. फाकडूने पहिला घास घेतला. मान उडवली. टप! टप! टप! टप! टप! टप!

गेनूकाका म्हणाले, "अरे अरे, किती सांडतोस!"

फाकडूने भिंतीकडे बघितलं, आणि मगच दुसरा घास खाल्ला.

गोष्ट गेली तोबऱ्यात, तोबरा गेला खुंटीवर!